तो चुना नव्हता, भाऊजी

भाऊजी, तुमचा तेरावा झाला. आलेगेले आपापल्या गावी परतले, हे शाळेत शिकवायला जाऊ लागले, आणि मी मात्र घरभर फिरते आहे. फडताळ उघडते, काय काढायला आले होते ते विसरते, पुन्हा लावते. जात्यावर बसते आणि दळण अर्ध्यात टाकून उठते. शेजारणी म्हणतात, घरातलं माणूस गेलं की असं व्हायचंच. त्यांना कुठं ठाऊक, की मी रडत नाहीये, भांडते आहे. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात. समोर कोणी नसलं की भांडण मिटत नाही, नुसतं अंगात फिरत राहतं. म्हणून आज कागद घेऊन बसले. तुम्हीच म्हणायचात, वहिनी, तुमचं बोलणं लिहून काढलं तर एक मासिक चालेल. घ्या तर.

परवा वर्तमानपत्रात तुमच्यावर चार ओळी छापून आल्या. ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवल्या. नवी पेठेतले निष्णात डॉक्टर, गोरगरिबांचे कैवारी, असं बरंच काही होतं. ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, यात ह्या माणसाचं तोंड कुठं आहे? ओठांच्या दोन्ही कडांना पडलेल्या त्या चिरा, सोलल्यासारखी लाल जीभ, तिखटाचा कण लागला की आवळला जाणारा डोळा. हे पाहिलेली माणसं दोनच, तुम्ही आणि मी. त्यातले तुम्ही गेलात, आणि जाताना कबूल करून गेला नाहीत.

आणि पाहायला शिकवलं कोणी? तुम्हीच ना? गावाच्या पूर्व भागातले ते दोन विणकर भाऊ. एक घरी बायकोच्या हातचं जेवणारा, दुसरा गिरणीजवळच्या खोलीत एकटा राहून चहा आणि पांढऱ्या भातावर दिवस काढणारा. दोघांना एकाच अपघातात मार लागला, दोघांना तुम्ही एकाच बाटलीतलं, एकाच मापाचं झोपेचं औषध दिलंत. घरी जेवणारा सकाळी गिरणीच्या भोंग्याबरोबर उठून बसला. दुसरा उठेचना. तो दिवस गेला, दुसरा गेला, तुम्ही त्याच्या उशाशी बसून नाडी धरून होतात. तो जागा झाला तेव्हा घरी येऊन तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलात आणि म्हणालात, ‘वहिनी, औषध तेच, माप तेच, आई एकच. मग फरक कुठं पडला?’ मी म्हटलं, ‘मला काय विचारता, मी मराठी चौथी शिकलेली.’ तुम्ही म्हणालात, ‘म्हणूनच विचारतो. शिकलेले लोक उत्तर आधी देतात आणि प्रश्न मागून ऐकतात.’

मी ज्वारी निवडत होते. तुम्ही माझ्या सुपाकडे बघत राहिलात. मग म्हणालात, ‘औषध म्हणजे धान्यात मुद्दाम टाकलेला खडा समजा. त्याचं काम झालं की तो निवडून बाहेर काढावा लागतो. शरीरात हे निवडायचं काम यकृत करतं. आणि निवडणारे हात उपाशी असले तर खडा तसाच फिरत राहतो.’ मी म्हटलं, ‘तो तर भात खात होता, उपाशी कुठला?’ ‘तेच तर,’ तुम्ही म्हणालात, ‘पोट भरलेलं आणि यकृत उपाशी.’ त्या दिवशी तुमच्या तोंडून व्हिटॅमिन हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्यातल्या ‘बी’ला आधी सगळे एकच समजत होते, आता ती एक नसून बरीच आहेत असं निघालंय, आणि यकृताला नेमकं कोणतं लागतं ते अजून कोणालाच धड ठाऊक नाही, असंही तुम्ही सांगितलंत. ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक नाही म्हणून सांगणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही. तुमची ती सवय मला फार आवडायची, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

तेव्हापासून तुमचं नवंच खूळ सुरू झालं. रोगी आला की आधी त्याच्या ओठांच्या कडा बघायच्या, मग जीभ. कडा फाटलेल्या आणि जीभ लाल दिसली की जहाल औषध लांबणीवर, आणि रोगी आमच्या ओसरीवर. जेवायला. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात डोक्याला हात लावला. ‘दवाखाना काढलास की खानावळ?’ असं त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘आई, खानावळच. औषध वर फुकट.’ ओसरीच्या आत कोणी यायचं नाही, पत्रावळ ज्याची त्यानं उचलायची, एवढ्या बोलीवर त्यांनी होकार दिला. आणि मग त्याच सासूबाई मटकी भिजत घालून, फडक्यात बांधून, मोड किती आले ते सकाळी उठून बघायला लागल्या. कोणाला मोड जास्त वाढले, कोणाला कमी, यावरून माझ्याशी वाद घालायला लागल्या. तुमच्या खुळाला माणसं अशी आपसूक लागायची.

मटकी, हुलगे, घोळाची भाजी, अंबाडी, ताक, शेंगदाण्याची चटणी. मांस खाणाऱ्याला तुम्ही हळूच बाजूला घेऊन सांगायचात, बाबा, घरी बकरं पडलं तर कलेजी दुसऱ्याला देऊ नकोस. सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून तुमचा आवाज खाली यायचा आणि त्यांना ते बरोबर ऐकू जायचं.

त्यात ती बायजाबाई आली. मोहोळकडची धनगरीण, शेळ्यांचं दूध विकणारी. पोटात जंत, अंगात रक्त नाही, पाय सुजलेले. तुम्ही विचारलंत, एवढं दूध काढतेस, त्यातलं पितेस किती? ती म्हणाली, ‘म्या कशापायी पिऊ? इकायचं आसतंय की.’ भाकरी आणि मिरची, एवढंच तिचं जेवण. जंताचं ते गोडसर वासाचं औषध तिला द्यायचं होतं, पण ते यकृताला जड म्हणून लगेच द्यायला तुम्ही तयार नव्हतात. महिनाभर इथं बाजाराला येशील त्या त्या दिवशी ओसरीवर जेव, घरी दूध पी, मग औषध, असं बजावलंत. औषध द्यायच्या दिवशी मात्र सकाळी काही खाऊन येऊ नकोस, हेही सांगितलंत.

महिन्यानं ती आली ती भिंत धरत. तुम्ही विचारलंत, ‘खाणंपिणं नीट चाललंय ना?’ ‘बेस चाललंय,’ ती म्हणाली. तुम्ही बाटली उघडली होती. मी ताक द्यायला दारात आले होते आणि मला तिचं तोंड दिसलं. मी म्हटलं, ‘भाऊजी, हिच्या कडा बघा.’ मग सगळं बाहेर आलं. उपाशीपोटी औषध घ्यायचं म्हटल्यावर तिनं आठवडाभर आधीच अन्न सोडलं होतं. एवढं मोठं औषध, त्याला एका सकाळचा उपास कसा पुरेल, असा तिचा हिशेब. शिवाय देवाला बोलली होती. तुम्ही एवढे चिडलात, की बाहेर बसलेले रोगी उठून उभे राहिले. ‘सकाळचं पोट रिकामं चालेल, महिना रिकामा चालणार नाही,’ असं ओरडलात. ती गेल्यावर मला म्हणालात, ‘रोगी खोटं बोलतो ते देवाच्या नावानं बोलतो, त्यामुळे त्याला ते खोटं वाटतच नाही. यांच्यापुढे हात टेकले.’

हे तुमचं वाक्य मी विसरलेले नाही. विसरणारही नाही.

त्यानंतर आषाढ आला. सासूबाईंचा चातुर्मास तुम्हाला लहानपणापासून पाठ होता. लोक श्रावणात पालेभाजी सोडतात, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळी. सासूबाईंचा नेम कडक, चारही महिने चारही बंद आणि जेवण एकवेळ. वर्षानुवर्षं तुम्ही त्यांची थट्टा केलीत. ‘आई, यकृताला जे जे लागतं ते ते शोधून काढून तू सोडतेस, हे तुला कोणी शिकवलं?’ असं म्हणायचात, आणि त्या म्हणायच्या, ‘तुझं यकृत तू सांभाळ, माझा नेम मी सांभाळते.’ चातुर्मास सुटला की तुम्ही त्यांना जबरदस्तीनं दूध पाजायचात. दवाखान्यातसुद्धा चारचौघांत तुम्ही नवस-नेमांवर असे काही तोंडसुख घ्यायचात, की लोक हसता हसता जरा घाबरायचे.

यंदा त्यांनी एकादशीला संकल्प सोडला आणि चार दिवसांत त्या आजारी पडल्या. शेवटी त्यांना मरणाचं काही वाटत नव्हतं. नेम अर्धा राहिला, एवढाच धोशा लागला होता. तळमळत होत्या, गादीवर हात चोळत होत्या. तुम्ही त्यांचं मनगट धरून बसला होतात. तुम्ही खाली वाकून म्हणालात, ‘आई, मी करतो पुरा.’ त्यांनी डोळे उघडून तुमच्याकडे बघितलं. हसल्या की काय, मला अजून सांगता येत नाही. पण हात चोळणं थांबलं, आणि थोड्या वेळानं त्या गेल्या.

मला वाटलं, मरत्या माणसाला धीर द्यायला बोललात. मी जेवायला वाढलं तेव्हा तुम्ही वरणाची वाटी बाजूला सारलीत. मग भाजी. मग ताक. ‘दोन दिवस वहिनी, तिच्यासाठी,’ म्हणालात. दोन दिवसांचा श्रावण झाला, श्रावणाचा भाद्रपद. हे आणि मुलं सकाळी जेवून शाळेत जायची, तुम्ही दवाखाना आटोपून दुपारी यायचात, त्यामुळे तुमचं ताट बघणारी मी एकटी. आधी ज्वारीची भाकरी आणि मीठ, पुढं पुढं तेही नको, नुसता भात आणि लिंबाची फोड. चहा दुधाशिवाय. विड्याचं पान तेवढं सोडलं नव्हतंत. तुमची इंदू असती, तर बायकोच्या हक्कानं तिनं तुम्हाला असं बसू दिलं नसतं. ती पहिल्या बाळंतपणात गेली आणि तुमच्या ताटाशी बसायचं काम माझ्याकडे आलं, वहिनीचं चालून चालून चालणार किती?

मी बोलले नाही असं म्हणू नका. मी रोज बोलले. ‘ओसरीवरच्यांना मटकी आणि तुम्हाला मीठभात, हे कुठलं शास्त्र?’ म्हणाले. तुम्ही म्हणायचात, ‘हे शास्त्र नव्हे, वहिनी. शास्त्र असतं तर सोडलं असतं.’ मी सासूबाईंच्या नावानंही बोलले, की त्या असत्या तर तुमच्या घशात दूध ओतलं असतं. मग म्हणालात, ‘ती मला बघून निर्धास्त गेली. त्या बदल्यात चार महिने भात खाल्ला तर काय बिघडलं? कोणाला सांगू नका मात्र. दवाखान्यात हसतील मला.’ तेवढ्या बोलण्यात सगळं आलं. आईची माया खरी होती आणि लोक हसतील ही भीतीही तितकीच खरी होती. पहिलीबद्दल मी तुमच्या पाया पडेन, भाऊजी. दुसरीबद्दल मला अजून तुमचा संताप येतो.

आश्विनात तुमच्या ओठांच्या कडा फाटल्या. मी वाढता वाढता थांबले. म्हटलं, ‘भाऊजी, आरशात बघा.’ तुम्ही म्हणालात, ‘चुना लागलाय. पानवाल्यानं जास्त लावला.’ दुसऱ्या दिवशी तेच. ‘मग पानवाला बदला,’ मी म्हटलं. ‘बदलला,’ तुम्ही म्हणालात, ‘हाही तसलाच निघाला.’ आणि हसलात, आणि हसताना कडा ताणल्या म्हणून ओठांवर रुमाल धरलात. मी जीभ दाखवा म्हटलं तर तुम्ही लहान मुलासारखे तोंड मिटून बसलात, पण हसताना ती मला दिसली होती. चुन्यानं तोंड भाजतं ते मला का माहीत नाही? माझ्या माहेरी सगळे पान खाणारे. चुना लागला तर पांढरट चट्टा येतो आणि तिसऱ्या दिवशी जातो. दोन्ही कडांना सारख्याच चिरा पाडणारा आणि आठवडेच्या आठवडे टिकणारा चुना कोणत्या दुकानात मिळतो?

पण तुम्ही डॉक्टर. मी दारातून वाद घालणारी बाई. कार्तिकी जवळ आली होती, मी दिवस ढकलत होते. द्वादशीच्या पारण्याला काय करायचं ते तुम्ही मला सांगून ठेवलं होतंत. ताकातली मेथी, तुरीचं घट्ट वरण, साईचं दही, शेवयांची खीर. ‘चारही गोष्टी एका ताटात पाहिजेत, वहिनी. आईला दाखवून खाणार.’ तुम्ही ते बोललात तेव्हा मला वाटलं होतं, सुटले बाई एकदाची.

नवमीच्या सकाळी तुमच्या पोटात कळ आली. उजव्या बाजूला हात दाबून तुम्ही ओसरीवरच बसलात आणि स्वतःच म्हणालात, ‘अपेंडिक्स आहे, टांगा बोलवा.’ मोठ्या दवाखान्यातले सर्जन तुमचेच मित्र. त्यांनी तपासलं आणि आजच कापायला हवं म्हणाले. थांबलो तर आत फुटेल. क्लोरोफॉर्म द्यायच्या आधी त्यांनी सगळं विचारलं, जसं तुम्ही विचारायचात. ‘खाणंपिणं कसं होतं अलीकडे?’

तुम्ही म्हणालात, ‘अगदी नीट.’

मी पिशवी घेऊन भिंतीशी उभी होते. मी पदर सावरून पुढं झाले आणि म्हटलं, ‘नीट नाही हो, डॉक्टर. चार महिने...’ तुम्ही मला पुढं बोलू दिलं नाहीत. एवढ्या कळा येत असताना तुम्ही हसलात आणि म्हणालात, ‘आमच्या वहिनींना कोणाचंच जेवण कधी पुरेसं वाटत नाही.’ सर्जन हसले. नर्स हसली. हेसुद्धा हसले, कारण ते खरंच होतं, घरात सगळे मला तेच म्हणतात. मी पुन्हा तोंड उघडेपर्यंत तुम्हाला आत नेलं होतं. मी ह्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरला. हे आतल्या दारापर्यंत गेले आणि तिथल्या माणसानं सांगितलं की झोपवलं, आता कोणी आत यायचं नाही.

किती सुरेख बोललात, भाऊजी. एका वाक्यात बाई गप्प. आयुष्यभर तुमच्या विनोदांना मी पोट धरून हसले, आणि नेमका हा एक माझ्या नरड्यात अडकून बसलाय. ज्या क्लोरोफॉर्मच्या आधी तुम्ही तुमच्या रोग्यांना दोन दोन दिवस साखरपाणी पाजायचात, कारण ते निवडून बाहेर काढणं यकृताला सगळ्यात जड जातं, त्याच क्लोरोफॉर्मपुढे तुम्ही मीठभात खाल्लेलं यकृत घेऊन गेलात आणि म्हणालात, अगदी नीट. बायजाबाईवर ओरडला होतात ते आठवलं नाही का? तिनं देवाचं नाव घेतलं होतं. तुम्ही कोणाचं घेतलंत? आईचं? की लोक हसतील त्याचं?

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही उशीला टेकून माझ्याशी बोललात, वास येतोय म्हणून नर्सला फुलं बाहेर ठेवायला लावलीत. मला वाटलं, मी उगाच घाबरले. मग ओकाऱ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. तुम्ही आरसा मागितलात. मी माझ्या कुंकवाच्या डब्यातला लहान आरसा दिला. तुम्ही खालची पापणी बोटानं ओढून डोळा बघितलात, बराच वेळ बघितलात. मलाही दिसला होता पिवळा रंग. आरसा तुम्ही पालथा करून चादरीवर ठेवलात आणि माझ्याकडे बघून विचारलंत, ‘वहिनी, द्वादशी कधी?’

‘उद्या,’ मी म्हटलं. तुम्ही मान हलवलीत. एवढंच. त्यानंतर तुमचं बोलणं बरळल्यासारखं झालं, त्यात माझ्यासाठी काही नव्हतं.

त्या ‘द्वादशी कधी’चा अर्थ मी रात्रंदिवस लावते आहे. ती कबुली होती? की नेम पुरा होतोय याचं समाधान? की नुसतंच जेवणाचं आठवलं? सर्जनना मी नंतर विचारलं. त्यांना मी सगळं सांगितलं, नेम, कडा, जीभ, सगळं. ते खुर्चीत मागं टेकले. म्हणाले, ‘बाई, आधी कळतं तरी कापावं लागलंच असतं. पण क्लोरोफॉर्मऐवजी मी ईथर दिलं असतं, शिरेतून साखर चढवली असती. त्यानं वाचले असते का, हे मला सांगता येत नाही.’ आणि शेवटी म्हणाले, ‘मी हसायला नको होतं.’ त्यांना काय बोलणार? हसवलं तुम्ही होतंत.

हे अधूनमधून म्हणतात, त्याचं आयुष्य तेवढंच होतं. मी ऐकून घेते. मला तेवढ्यानं स्वस्थता येत नाही. मला कोणीतरी सांगायला हवं होतं, की वहिनी, तुमचं बरोबर होतं. ते सांगायचा हक्क ज्याचा, तो आरसा पालथा करून गेला.

आज मात्र एक झालं, ते सांगते आणि उठते.

तुमचे एक कॉलेजातले मित्र, तेही डॉक्टर, आता सकाळचे तुमच्या खुर्चीत बसतात. भले आहेत, हुशार आहेत, थोडे घाईचे आहेत. ओसरी बंद ठेवू म्हणाले नाहीत, चालू ठेवा असंही म्हणाले नाहीत. आज मी दवाखान्यात तुमचा कोट आणायला गेले, तर बाकावर बायजाबाई. तुम्ही गेल्याचं तिला आज आल्यावर कळेल असं मला वाटलं होतं, पण तिला आधीच कळलेलं होतं. डॉक्टरांनी तुमचं टिपण बघून तिचं तेव्हापासून राहून गेलेलं जंताचं औषध काढलं. त्यांनी विचारलं, ‘खाणंपिणं कसं आहे?’

‘बेस चाललंय,’ बायजाबाई म्हणाली.

भाऊजी, तेच शब्द, तीच बाटली, आणि मी पुन्हा दारात. मी आत गेले, तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. कडा फाटलेल्या. डॉक्टर ‘अहो, अहो’ म्हणत उठले. मी म्हटलं, ‘ही खोटं बोलते आहे. हिच्या यकृताला हे औषध पेलायचं नाही. आज देऊ नका.’ ते हसायच्या बेतात होते. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि खुर्ची सरकवून स्वतः तिची जीभ बघितली. बघून बूच लावलं आणि बाटली कपाटात ठेवली.

बायजाबाई खाली मान घालून बसली होती. मी विचारलं, ‘देवाला बोलली होतीस पुन्हा?’

‘न्हाय वैनीसाब,’ ती म्हणाली. ‘दाक्तर गेलं आसं आयकलं आन् घासच उतरंना. लई जीव लावला की त्यांनी. म्हनलं, त्येंच्या नावानं येवढं तरी करावं. दूद न्हाय, भाजी न्हाय. निस्ती भाकर.’

तुमच्या नावानं, भाऊजी. तुमच्याच नावानं ती तुमचंच औषध स्वतःला बाधेल असं करून आली होती. मी तिला तिथून उठवलं आणि घरी घेऊन आले. आज मेथी आणली होती, दही लागलं होतं, वरण शिजलेलं होतं. मुलांसाठी म्हणून सगळं केलं होतं, असं मी स्वतःला सकाळपासून सांगत होते. खीर कोणी मागितली नव्हती तरी खीर केली होती. चारही गोष्टी ताटात वाढल्या. ओसरीवर नेत होते तेवढ्यात ओसरी मला नको झाली. तुमचा पाट माजघरात भिंतीला लावून ठेवला होता, तो मांडला आणि तिला म्हटलं, ये आत. ती येईना. मी हात धरून आणली. ह्यांनी वाचता वाचता चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा पुस्तकात मान घातली. त्यांनी हरकत घेतली नाही याबद्दल मी त्यांना कधीतरी चांगलं म्हणेन.

ती पाटावर बसली, ताटाला हात लावेना. विचारलं तिनं, ‘दाक्तर सोता काय खायचं?’

कोणी मला हे इतक्या सरळ विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, ‘शेवटचे चार महिने मीठभात.’ आणि का, तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आन् तुमी मला धरून आनलं तसं त्येंला न्हाय व्हय आनलं?’

‘आणत होते,’ मी म्हटलं. ‘त्यांनी सगळ्यांना हसवलं.’

बायजाबाईनं ताट जवळ ओढलं. ‘मला न्हाय बा तसं येत,’ ती म्हणाली, आणि तिनं भाकरी मोडून मेथीला लावली.